पटलावर ठेवलं म्हणजे नक्की कुठे ठेवलं?

मागच्या वेळी याच पानावर मी सहज एक वाक्य लिहून गेलो होतो की आमदार-खासदारांना सरकारी कागद कमी पडत नाहीत, वेळ कमी पडतो. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागावलेली, काही खरंच माहिती विचारणारी. एक-दोन पत्रांत तर मीच सरकारचा माणूस असल्याचा शोध लागलाय, असो. निवडक प्रश्न घेतोय, नावं कुणाचीच टाकत नाही कारण दोघातिघांनी तशी विनंती केलीये आणि कारण त्यांच्या प्रश्नातच दिसेल.

प्रश्न : मी एका आमदारांच्या ऑफिसात काम करतो. बजेटच्या दिवशी बॅग भरून पुस्तकं येतात आणि ती बॅग पुढच्या बजेटपर्यंत तशीच कपाटावर असते, हे खरं सांगतो. पण साहेबांनी एका महामंडळाचा वार्षिक अहवाल मागितला तर तो काही सापडेना. सगळं मिळतं म्हणता ना तुम्ही? मग काय आपोआप येतं आणि काय मागावं लागतं?

उत्तर : तुमच्या साहेबांना दोन प्रकारचे कागद मिळतात आणि गोंधळ इथेच होतो. एक म्हणजे वाटले जाणारे. बजेटची पुस्तकं (घटनेत कलम २०२ मध्ये त्याला वार्षिक वित्तीय विवरणपत्र म्हटलंय), पुरवणी मागण्या, विधेयकं, कामकाज पत्रिका, प्रश्नोत्तरांच्या याद्या, आर्थिक पाहणी. हे प्रत्येक सदस्याला मिळतं, फुकट मिळतं, त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे नुसते पटलावर ठेवले जाणारे. पटल म्हणजे सभागृहातलं मधलं टेबल. मंत्री उभे राहतात, "मी अमुक अहवाल सभागृहासमोर ठेवतो" म्हणतात आणि बसतात, दहा सेकंदांचा खेळ. त्या क्षणापासून तो कागद सभागृहाचा झाला, पण त्याच्या २८८ प्रती छापून प्रत्येकाच्या हातात दिल्या असा त्याचा अर्थ नाही. बहुतेक वेळा तो विधानमंडळाच्या ग्रंथालयात जातो आणि ज्याला हवा त्यानं तिथे जाऊन बघायचा. नियमांच्या अधिसूचना, मंडळांचे-महामंडळांचे वार्षिक अहवाल, हिशेबाचे तक्ते हे सगळं यात आलं. तेव्हा तुमचा अहवाल बॅगेत शोधू नका, ग्रंथालयात विचारा. तिथली माणसं नेमकी मागणी केली की संदर्भ काढून देतात असा माझा अनुभव आहे, फक्त "काहीतरी पाण्यावरचं द्या" असं सांगून चालत नाही. दिल्लीत तर खासदारांसाठी १९२१ पासून स्वतंत्र लायब्ररी आहे, २००२ पासून तिला वेगळी इमारत आहे, आणि संदर्भ शोधून द्यायला माणसं नेमलेली आहेत. वापरणारे किती हा प्रश्न विचारू नका.

आता तुमचा खरा प्रॉब्लेम वेगळा असू शकतो, अहवाल ठेवलेलाच नसेल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३९५ प्रमाणे राज्य सरकारच्या कंपनीचा वार्षिक अहवाल विधानमंडळासमोर यावा लागतो, पण तो सर्वसाधारण सभेनंतर तयार होतो, सभा होते हिशेब पूर्ण झाल्यावर, आणि हिशेबच चार-पाच वर्षं मागे असतील तर अहवाल येणार कुठून? कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक) अहवालांत दरवेळी अशा थकलेल्या हिशेबांची यादी असते, ती बघा, तुमचं महामंडळ तिथे सापडण्याची शक्यता मला जास्त वाटते. लोकसभेत यासाठी १९७५ पासून खास समिती आहे, पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांसंबंधी समिती, ती उशीर का झाला याचं निवेदन मागते, आणि वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत अहवाल आला पाहिजे अशी तिची अपेक्षा असते. नऊ महिने म्हणजे ३१ डिसेंबर. म्हणून हिवाळी अधिवेशनात अहवालांचा पाऊस पडतो.

प्रश्न : कॅगचा अहवाल आमदारांना आपल्या आधी वाचायला मिळतो का? आणि तो नेमका अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशीच का येतो, हा योगायोग आहे का?

उत्तर : आधी मिळत नाही. आमदाराला नाही, मला नाही, तुम्हाला नाही. कलम १५१ प्रमाणे राज्याचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि राज्यपाल तो विधानमंडळासमोर ठेवायची व्यवस्था करतात, म्हणजे प्रत्यक्षात वित्त विभाग करतो. ठेवला की त्याच दिवशी तो सगळ्या जगाचा होतो, कॅगच्या वेबसाइटवर येतो. त्याआधी माहिती अधिकारात मागितलात तर कलम ८(१)(ग) दाखवून हक्कभंग होईल म्हणून नकार देतात, आणि ते कायद्याला धरून आहे.

शेवटच्या दिवसाचं म्हणाल तर योगायोग वगैरे काही नाही. कलम १५१ मध्ये मुदतच लिहिलेली नाही. किती दिवसांत ठेवा हे घटनेनं सांगितलं नाही म्हणून कुठल्याही पक्षाचं सरकार असो, आपापल्या सोयीनं ठेवतं. शेवटच्या दिवशी दुपारी अहवाल आला, पाचशे पानं, संध्याकाळी राष्ट्रगीत होऊन सगळे आपापल्या गावी. चर्चा कधी करायची? वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पुढे तो लोकलेखा समितीकडे (कॅगचे अहवाल तपासणारी आमदारांची समिती) जातो, समिती साक्षी काढते, दोन-तीन वर्षांनी तिचा अहवाल येतो तोपर्यंत खात्याचा सचिव बदललेला असतो, कधीकधी मंत्री आणि सरकारही.

दिल्लीचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. तिथे कॅगचे १४ अहवाल विधानसभेसमोर आलेच नाहीत म्हणून विरोधी आमदार हायकोर्टात गेले. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं उशीर झाला हे स्पष्ट म्हटलं, पण अध्यक्षांना खास बैठक बोलवायचा आदेश द्यायला मात्र नकार दिला. मग निवडणूक झाली, सरकार बदललं, आणि फेब्रुवारी २०२५ पासून अहवाल एकेक करून सभागृहात यायला लागले. म्हणजे लोकप्रतिनिधींना जो कागद कोर्टाकडून मिळाला नाही तो मतदारांमुळे मिळाला. मला विचाराल तर कलम १५१ मध्ये "पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात" एवढे चार-पाच शब्द घातले तर निम्मं भांडण संपेल, पण जो पक्ष विरोधात असतो त्यालाच हे सुचतं आणि सत्तेत आला की तो विसरतो.

प्रश्न : चौकशी आयोग नेमतात, अहवाल येतो आणि गायब होतो. आमदारांना तरी तो दाखवतात का?

उत्तर : आयोग कुठल्या कायद्याखाली नेमलाय ते आधी बघा. चौकशी आयोग अधिनियम १९५२ खाली असेल तर कलम ३(४) आहे, अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कृती अहवालासकट (म्हणजे सरकारनं त्यावर काय केलं ते सांगून) सभागृहासमोर ठेवावाच लागतो. इथे मुदत आहे बरं का, कॅगसारखं मोकळं नाही. मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारला मिळाला आणि सभागृहात आला ऑगस्ट १९९८ मध्ये. महिने मोजा म्हणजे कळेल.

लिबरहान आयोगाची गोष्ट त्याहून मजेशीर. बाबरी मशीद पाडल्याच्या चौकशीसाठी डिसेंबर १९९२ मध्ये नेमलेला, ४८ वेळा मुदतवाढ घेतलेला, ३० जून २००९ ला अहवाल दिला. सरकार तो घेऊन बसलं. २३ नोव्हेंबरला सकाळी खासदारांनी पेपर उघडला तर आत अहवालातलं छापून आलेलं! सतरा वर्षं वाट बघून खासदारांना तो पेपरवाल्याकडून मिळाला. सभागृहात जो गोंधळ व्हायचा तो झाला आणि दुसऱ्याच दिवशी, २४ तारखेला, अहवाल पटलावर. जो कागद काल ठेवता येत नव्हता तो एका रात्रीत ठेवता आला.

पण सरकारनं नुसता जीआर काढून "समिती" नेमली असेल, निवृत्त अधिकाऱ्याची वगैरे, तर हे कलम लागू होत नाही. म्हणून कधीही आयोगाची घोषणा झाली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, १९५२ च्या कायद्याखाली की साधी समिती? फरक तिथेच पडतो, टीव्हीवर मात्र दोन्हीला चौकशीच म्हणतात.

प्रश्न : आमचे आमदार म्हणतात मी मागितली ती फाईल मला मिळते. खरं का हो? मग मी माहिती अधिकारात अर्ज करण्यापेक्षा त्यांच्याकडेच जाऊ का?

उत्तर : जा की, चहा तरी मिळेल. पण एकट्या आमदाराला सरकारी फाईल बघायचा हक्क असा कुठे लिहिलेला नाही. मिळते ती ओळखीनं, दबावानं किंवा अधिकाऱ्याच्या चांगुलपणानं. हक्क आहे तो सभागृहाला आणि त्याच्या समित्यांना, समिती माणसं बोलावू शकते, कागद मागवू शकते, तिथेही सरकार राज्याच्या हिताचं किंवा सुरक्षेचं कारण देऊन काही कागद अडवू शकतं.

एक नियम मात्र फार छान आहे आणि तो फार कमी जण वापरतात. लोकसभेच्या कामकाजाचा नियम ३६८, मंत्री बोलताना एखाद्या सरकारी कागदातलं वाचून दाखवत असेल आणि तो कागद अजून सभागृहासमोर आलेला नसेल, तर तो पटलावर ठेवायला लागतो. सार्वजनिक हिताला बाधा येते असं म्हणाला तरच सुटका. म्हणजे मंत्र्यानं आपल्याला सोयीच्या दोन ओळी वाचल्या की सदस्यानं लगेच उठून म्हणायचं, पूर्ण कागद ठेवा. पण त्यासाठी त्या वेळी जागं असावं लागतं.

बाकी रोजचं हत्यार म्हणजे प्रश्न. आपल्याकडची भाषा तुम्हाला माहीतच असेल, "हे खरे आहे काय, असल्यास..." आणि उत्तर "हे खरे नाही" आणि त्याखाली "प्रश्न उद्भवत नाही". लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, नंबर लॉटरीनं. आणि आता गंमत ऐका, जी माहिती उपलब्ध असलेल्या प्रकाशनात आधीच आहे ती प्रश्नातून विचारता येत नाही असा लोकसभेत नियमच आहे. म्हणजे सरकारनं कुठल्या तरी अहवालाच्या परिशिष्टात आकडा टाकून ठेवला की तुमचा प्रश्न फेटाळायला कारण तयार. ज्याच्याकडे तो अहवाल वाचणारा माणूस नाही त्याचा प्रश्न बाद होतो, ज्याच्याकडे आहे तो त्याच आकड्याच्या पुढचा प्रश्न विचारतो. आणि "माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल" असं उत्तर आलं तर ते सोडून देऊ नका, ते आश्वासन धरलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.

माहिती अधिकाराचं म्हणाल तर २००५ च्या कायद्यात एक सुंदर वाक्य होतं, जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येणार नाही ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशा अर्थाचं. कलम ८(१)(ञ) ला जोडलेलं. कितीतरी अपिलांत लोकांनी ते वापरलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं ते पोटकलमच आखूड करून टाकलंय, त्यामुळे त्या वाक्यावर विसंबून अर्ज करू नका. अर्ज स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहा. आणि हो, आमदारही नागरिकच आहे, तोही दहा रुपये भरून अर्ज करू शकतो, करतातही काही जण.

प्रश्न : गॅझेट कुणी वाचतं का हो? खरंच?

उत्तर : एका माणसानं वाचलं होतं आणि बिहारचं सरकार हादरलं होतं. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक डी. सी. वाधवा, बिहारच्या जमीन कायद्यांवर संशोधन करत होते. त्यासाठी तिथले अध्यादेश बघायला लागले तर लक्षात आलं की तेच तेच अध्यादेश पुन्हा पुन्हा निघतायत. आता अध्यादेश म्हणजे काय, सभागृह चालू नसताना तातडीचं म्हणून राज्यपालांच्या सहीनं काढायचा तात्पुरता कायदा. कलम २१३ प्रमाणे तो सभागृह भरलं की समोर ठेवायचा आणि भरल्यापासून सहा आठवड्यांत तो कायदा होऊन मंजूर झाला नाही तर आपोआप मरतो. बिहारमध्ये काय करायचे तर अधिवेशन उरकायचं आणि तोच अध्यादेश परत काढायचा. वाधवांनी १९६७ ते १९८१ मधले असे २५६ अध्यादेश शोधून काढले, त्यातले काही तर चौदा चौदा वर्षं जिवंत ठेवलेले! सुप्रीम कोर्टात गेले, २० डिसेंबर १९८६ ला घटनापीठानं हा प्रकार घटनेशी फसवणूक आहे असं म्हटलं आणि वाधवांना दहा हजार रुपये खर्चही द्यायला लावला.

मला यातली खटकणारी गोष्ट दुसरीच आहे. हे २५६ अध्यादेश काही तिजोरीत नव्हते. राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्येच, छापलेले होते, रीतसर. बिहारच्या प्रत्येक आमदाराला ते मिळण्यासारखे होते, चौदा वर्षं. आणि शोधले कुणी, तर पुण्यात बसलेल्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं.

बरं त्यानंतर बिहार सुधारलं म्हणाल तर २०१७ मध्ये परत बिहारचंच प्रकरण, खाजगी संस्कृत शाळा ताब्यात घ्यायच्या अध्यादेशांची माळ, आणि यावेळी सात न्यायाधीशांनी सांगितलं की अध्यादेश सभागृहासमोर ठेवणं ही काही शिष्टाचाराची गोष्ट नाही, ते बंधनकारक आहे.

प्रश्न : आता सगळं टॅबवर आलंय. मग हा गठ्ठ्यांचा विषय संपला की नाही?

उत्तर : गठ्ठे संपले, विषय नाही. केंद्राचं राजपत्र १ ऑक्टोबर २०१५ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक निघतं, कागदावर छापणं बंद. केंद्राचं बजेट २०२१ मध्ये पहिल्यांदा कागदाशिवाय मांडलं गेलं. हिमाचलची विधानसभा तर २०१४ मध्येच पेपरलेस झाली. चांगलंच आहे, शोधायला सोपं पडतं, नागपूरच्या अधिवेशनाला मुंबईहून कागदांचे ट्रक न्यायचा व्याप कमी होतो.

पण "अपलोड केलंय" आणि "दिलंय" यात फरक राहतोच. लोकसभेत अध्यक्षांचा निर्देश १९ब आहे, विधेयक मांडायच्या किमान दोन दिवस आधी प्रती सदस्यांना मिळायला हव्यात. १९ सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाचं विधेयक आलं तेव्हा विरोधी बाकांवरून ओरड झाली की आम्हाला प्रतच नाही, आणि समोरून उत्तर आलं की अपलोड झालेलं आहे. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते बहुतेक. पूर्वी हातात कागद पडला की मिळाला हे दोघांना कळायचं, आता अपलोडची वेळ कुणी बघायची?

आणि आपल्या मराठी कागदांचं एक वेगळंच दुखणं आहे. जुने अहवाल युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा सरळ स्कॅन करून चढवलेले. त्यात शब्द शोधला तर सापडत नाही, कॉपी केलं तर चिन्हांचा कचरा पेस्ट होतो. मी स्वतः एकदा एका खात्याच्या अहवालातून एक तक्ता उतरवायला अख्खी संध्याकाळ घालवली, शेवटी हातानंच लिहून काढला. पेपरलेस म्हणे.

प्रश्न : जीआरच्या खाली "प्रत" म्हणून लांब यादी असते, त्यात सर्व विधानसभा-विधानपरिषद सदस्य असंही कधीकधी असतं. खरंच पाठवतात?

उत्तर : यादीत नाव असणं आणि टपाल येणं या दोन गोष्टी आहेत. वाट बघू नका, प्रत्येक जीआरला संकेतांक असतो, अठरा आकडी, सुरुवातीचे आठ आकडे म्हणजे वर्ष-महिना-दिवस. तो टाकून शासनाच्या वेबसाइटवर थेट जीआर काढता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जीआर खरा की खोटा हे बघायलाही हाच उपाय, संकेतांक टाका आणि बघा निघतो का.

प्रश्न : रद्दीच्या दुकानात मला बजेटची अख्खी बॅग दिसली, वर एका माजी आमदारांचं नाव. सरकारी कागद असे विकणं गुन्हा नाही का?

उत्तर : गुन्हा कसला? सभागृहासमोर ठेवलेला कागद सार्वजनिक झाला, त्यात गुप्त काही राहत नाही, त्याचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. समित्यांचे सादर न झालेले मसुदे असते तर गोष्ट वेगळी, ते गोपनीय असतात. तुम्ही उलट रद्दीवाल्याला वजनाचे पैसे द्या आणि बॅग घरी आणा. आर्थिक पाहणी आणि तुमच्या जिल्ह्याची कामं ज्या खंडात आहेत तो खंड काढून ठेवा, बाकीचं गावातल्या वाचनालयाला विचारून बघा, घेत असतील तर. आणि एक करा, पानं चिकटलेली आहेत की उलगडलेली ते बघून मला कळवा, मी पैजेवर सांगतो काय असेल ते.